निम्मं हिचं, निम्मं तिचं

आमच्या सरांनी जन्मात कधी मासा खाल्ला नव्हता. त्याचा मला काही त्रास नव्हता. ज्यानं त्यानं आपल्या घरचं खावं. पण त्यांनी कधी मासा मारलाही नव्हता. आयुष्यभर माशांवर संशोधन करणाऱ्या, माशांच्याच विषयात पीएच.डी.चे विद्यार्थी घेणाऱ्या माणसानं हा हट्ट धरला, की त्याच्या हाताखालच्या माणसाचे काय हाल होतात ते मला विचारा. मी पाच-सहा वर्षं त्या हाताखाली काढली. तेवढ्यात माझे निम्मे केस पिकले, आणि अब्बांचे जे काही काळे उरले होते ते सगळे.

“मारायचं कशाला ओ मॅडम? जरा थांबलं तर त्यो आपणहून सांगतो की,” असं सर म्हणायचे. ‘त्यो’ म्हणजे मासा.

आमचं कॉलेज उमरग्यात, हायवेला लागून. सर प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख. वर्गात शिकवताना हैदराबादकडं निघालेल्या ट्रकनं हॉर्न दिला की ते बोलता बोलता थांबायचे, हॉर्न विरेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहायचे, आणि मग अर्धवट राहिलेलं वाक्य पुढं न नेता पहिल्या शब्दापासून परत सुरू करायचे. आमच्या हायवेवर ट्रकला काय तोटा? एकेक व्याख्या अख्खा तास चालायची. पोरं खूश असायची. अभ्यासक्रम माझ्याकडं यायचा, कारण मी तासिकेवर, म्हणजे तासाप्रमाणे मिळणाऱ्या पैशांवर होते आणि तासिकेवरच्या बाईला नाही म्हणता येत नाही.

अंगानं किडकिडीत, कपाळावर विभूतीचे ठळक पट्टे, आणि अंगात पांढरा फुल शर्ट. त्या शर्टाची बाही ते कधी दुमडायचे नाहीत. विभागाच्या मागं त्यांनी माशांसाठी सिमेंटची टाकी बांधून घेतली होती. खरं तर ती टाकी वनस्पतिशास्त्रवाल्यांनी कमळं लावायला मागितली होती, त्यावरून दोन्ही विभागांत बोलणं बंद होतं. सर दिवसातून दहा वेळा त्या टाकीत हात घालायचे, बाही कोपरापर्यंत चिंब व्हायची, आणि त्याच ओल्या बाहीनं ते फळ्यापाशी उभे राहायचे. लिहिलेलं पुसलं जायचं. मग परत लिहायचे.

माशांशी ते कानडीत बोलायचे. सरांचं गाव पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. घरात कानडी, बाहेर मराठी. माशांशी कानडीत का, असं एकदा मी विचारलं.

“नदीवरची मानसं कानडी बोलायची लहानपणी. सवय झालीय त्यांना,” सर म्हणाले.

“कुणाला? माशांना?”

“मग काय मला?”

विभागात ‘मच्छी’ म्हणायला बंदी होती. नव्या शिपायानं एकदा, “सर, मच्छीला खायला टाकलं,” असं सांगितलं तर त्याला पंधरा मिनिटं उभं करून समजावलं: “मच्छी बाजारात असती. हितं मासा हाय. मासा म्हन.” मी तर मासे खाणाऱ्या घरातली. दर रविवारी आमच्याकडं मच्छी शिजायची आणि सोमवारी सर माझ्याकडं संशयानं बघायचे. “काल काय हुतं जेवायला?” मी सांगायची, “डाळ.” त्यांना खोटं कळायचं आणि बरंही वाटायचं.

अब्बांचं दुकान हायवेवर, ट्रकच्या सुट्या भागांचं. मी मोठ्या शहरात जाऊन बायोइन्फर्मेटिक्स शिकले, म्हणजे प्राण्यांच्या पेशीतला मजकूर कम्प्युटरवर जुळवायचं शास्त्र. परत आले ती कॉलेजात तासिकेवर लागले. विभागात एक कायम जागा निघणार होती. त्या जागेसाठी पीएच.डी. हवी होती. आमच्या भागात मार्गदर्शक एकच, आमचे सर. एवढंच माझं गणित होतं. पीएच.डी. पदरात पडली तर उमरग्यात अब्बांजवळ राहून आयुष्यभराची नोकरी, नाही तर परत बॅग भरून शहर गाठा. अब्बांना दम्याचा त्रास, घरात दुसरं कोणी नाही. त्यामुळं बॅग भरणं हे मनातसुद्धा आणवत नव्हतं.

“इत्ता पढके मच्छी गिनरी तू?” अब्बा म्हणायचे. “मच्छी खाने की चीज हे बेटा.”

विषय सरांनीच दिला: कोळस नावाच्या माशाचा जीनोम जोडायचा. कोळस हा आमच्या बाजूच्या नद्यांतला जुना मासा. धरणं झाली, तळ्यांत बाहेरचे मासे सोडले गेले, तसा तो दिसेनासा होत गेला. सरांच्या लहानपणी म्हणे ओढ्यापर्यंत चढून यायचा. तो पुरता जायच्या आत त्याचा सगळा मजकूर उतरवून ठेवायचा, एवढी एकच इच्छा त्या माणसाला होती. इच्छेत खोट काढायला जागा नव्हती. खोट पद्धतीत होती, आणि पद्धत म्हणजे सर.

जळकोटच्या बाजूला एका तलावात कोळस अजून सापडतो असं कळलं, तेव्हा आम्ही दोघं तिकडं गेलो. तिथल्या भोयांनी एका जाळ्यात वीत-वीतभर लांबीच्या दोन माद्या काढून दिल्या. दुसरा कोणीही त्या बर्फात घालून आणल्या असत्या. सरांनी झाकणाला भोकं पाडलेली बादली आणली होती. बादली घेऊन आम्ही एसटीत चढलो.

“सर, बादलीत काय हाय?” कंडक्टरनं विचारलं.

“मासे हायत.”

“मग लगेज लागंल.”

“लगेज सामानाला लागतंय. ह्या जित्या हायत. ह्यांचं तिकीट द्या.”

कंडक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

“वय काय म्हनायचं ह्यांचं?” त्यानं चेष्टेनं विचारलं. चेष्टा आणि प्रश्न यांतला फरक सरांना कधीच कळला नाही. त्यांनी झाकण काढलं, चष्मा पुसला, आत वाकून बघितलं.

“दोन वर्षं. खवल्यावर कडी असत्यात, झाडाच्या बुंध्यावानी. त्यावरनं कळतंय.”

“मग पाचाच्या आतली फुकट,” कंडक्टर म्हणाला आणि पुढं गेला. सगळी गाडी हसली. सरांनी त्याला मनापासून ‘धन्यवाद’ म्हटलं. पुढं प्रत्येक थांब्यावर ते बादली घेऊन खाली उतरायचे आणि पाणी हातानं घुसळायचे, माद्यांना हवा मिळावी म्हणून. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा. हॉर्न थांबेपर्यंत सरही थांबायचे.

आता या माशाची खरी भानगड सांगते, कारण पुढचं सगळं तिथंच अडलं. जीनोम म्हणजे पेशीत लिहून ठेवलेला त्या जिवाचा सगळा मजकूर. यंत्र तो सलग वाचत नाही, तुकड्या-तुकड्यांनी वाचतं. मग कोणत्या तुकड्याचं टोक कोणत्या तुकड्याशी जुळतं ते बघत बघत आपण तो सलग करायचा. साध्या माशाचं हे काम आता फार अवघड राहिलेलं नाही. पण कोळसाच्या घराण्यात, फार फार पूर्वी, गुणसूत्रांचे दोन वेगवेगळे संच एकत्र आले आणि एकत्रच नांदत राहिले. असल्या जिवाला पॉलिप्लॉइड म्हणतात. त्याच्या पेशीत जवळजवळ प्रत्येक गोष्ट दोनदा, आणि दोन्ही वेळा थोड्याशा फरकानं. कोणता तुकडा पहिल्या संचातला आणि कोणता दुसऱ्या, हे ओळखताना नाकीनऊ येतात.

सर हे एवढं छान समजावून सांगायचे की तेवढ्यापुरता मला त्यांचा रागच यायचा नाही. “हे बघा मॅडम, लग्नात दोन सख्ख्या जावांची भांडी एका मांडवात येत्यात. दोघींच्या ताटावर आडनाव एकच कोरलेलं. फरक काय, तर नवऱ्याच्या नावाचं पयलं अक्षर. मांडव मोडला की रात पडायच्या आत ज्याची त्याची भांडी ज्याच्या त्याच्या घरी गेली पायजेत. तुमचं काम तेवढंच.”

तेवढंच!

शहरातल्या ज्या प्रयोगशाळेत नमुना पाठवायचा होता त्यांनी कळवलं होतं, एकाच माशाचं काळीज आणि मांस बर्फात घालून पाठवा. ‘एकाच’ या शब्दाखाली त्यांनी रेघ मारली होती. सर म्हणाले, काळीज मिळणार नाही, रक्त मिळेल. माशाच्या रक्तपेशींतही डीएनए भरपूर असतो, त्यामुळं प्रयोगशाळा कशीबशी तयार झाली. पाण्यात लवंगेचं तेल टाकलं की माशाला गुंगी येते. त्या गुंगीत शेपटाजवळून बारीक सुईनं रक्त काढायचं आणि परत ताज्या पाण्यात सोडून शुद्धीवर आणायचं. ज्या दिवशी हे झालं त्या दिवशी माझी परीक्षेची ड्युटी होती. दुपारी विभागात आले तर सगळीकडं दाताच्या दवाखान्यासारखा वास, दोन्ही माद्या टाकीत फिरताहेत, आणि सर बंद नळी माझ्यापुढं धरून उभे. नळीवर एका मादीचा नंबर, सरांच्या सुवाच्य अक्षरात.

पुढची दोन वर्षं मी त्या नळीतून जे निघालं त्याच्याशी झुंजत होते.

तुकडे जुळेनात. दोन तुकड्यांची अपेक्षा होती तिथं तीन-तीन, चार-चार तुकडे पुढं यायचे, सगळे जवळजवळ सारखे. विद्यापीठातल्या मोठ्या कम्प्युटरवर मी काम लावायची, ते आठवडाभर चालायचं, मध्येच आमच्याकडची वीज जायची, नेट जायचं, आणि शेवटी निकाल यायचा तो माशाचा जीनोम अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठा. दर सहा महिन्यांनी विद्यापीठाच्या समितीपुढं प्रगती सांगावी लागायची. तिथं मी सांगायची, “काम चालू आहे.” समितीतले एक गृहस्थ दर वेळी विचारायचे, “मासा अजून वाढतोय का?”

जादाचे तुकडे छाटून टाकणारा एक प्रोग्रॅम असतो. तो चालवू या, म्हणून मी सरांच्या मागं लागले.

“छाटायचं न्हाय. दुसऱ्या संचातलं खरं असंल आन् तुमी जादाचं म्हनून टाकून दिलं तर?”

“मग काय करायचं?”

“थांबा की जरा.”

मला जर कोणी विचारलं की तुमच्या सरांचं आवडतं वाक्य कोणतं, तर हेच. प्राचार्यांनी अहवाल मागितला, थांबा की जरा. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, फोन करून बाजारातून कोथिंबीर आणायला सांगितली, थांबा की जरा. माझ्या नोंदणीची मुदत संपत आली, तरी तेच. आणि त्यांचं छाटू नका म्हणणं शास्त्राला धरून होतं, ही आणखी डोकेदुखी. चुकीचं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं.

वर त्यांनी स्वतःचा एक सिद्धांत काढला: कोळसाच्या घराण्यात गुणसूत्रं आणखी एकदा दुप्पट झाली असणार, आणि हे जगात कुणालाच माहीत नाही. हे ते टाकीपाशी उभं राहून एका वार्ताहराला बोलले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोसकट बातमी. अब्बांनी ती कापून दुकानात लावली. समितीनं ती वाचली आणि मला शेवटची मुदतवाढ दिली. ‘शेवटची’ हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. यानंतर नोंदणी रद्द होणार होती, आणि कायम जागेची जाहिरात तर निघालीच होती.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मूळ गुंता सुटत नाही, तर निदान एखादी छोटी गोष्ट पूर्ण करून प्रबंधात दाखवावी, म्हणून मी मायटोकॉन्ड्रियाचा मजकूर जोडायला घेतला. मायटोकॉन्ड्रिया हा पेशीतला एक बारका भाग. त्याचा स्वतःचा वेगळा, आटोपशीर मजकूर असतो, आणि तो फक्त आईकडून येतो. त्यामुळं एका जिवात तो एकच सापडायला हवा. एका दुपारचं काम. मी जोडला, आणि दोन निघाले. थोडा फरक असलेले, जवळजवळ निम्मे-निम्मे. मी परत जोडला. परत दोन.

मी तशीच उठून टाकीकडं गेले. सर ज्वारीच्या भाकरीचा कुस्करा पाण्यात टाकत होते.

“सर, आपल्या माशाला दोन आया आहेत.”

“असं कसं? आई एकच असती.”

“तुम्हीच शिकवलंय मला.”

त्यांनी उरलेला कुस्करा सावकाश टाकला, हात झटकले, आणि टाकीकडंच बघत म्हणाले, “रगत निम्मं हिचं हुतं, निम्मं तिचं.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

“सुई लावली तर निम्म्यातच हिचे कल्ले फिके पडले. हलंना. मला बघवंना. म्हनलं, ऱ्हाऊ दे, बाकीचं बहिनीचं घ्यावं. एका जाळ्यातल्या, सख्ख्याच की.”

“आणि नळीवर एकीचाच नंबर?”

“नंबर आधी लावला हुता.”

“सर! दोन वर्षं! मला एका शब्दानं सांगितलं का नाही?”

“तुमी इचारलं कुठं?” हे त्यांनी उर्मटपणे म्हटलं नाही, ही त्यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मग हिशेब त्यांच्या डोक्यात शिरला असावा, कारण चेहरा पडला. “मंजी मांडवात दोन न्हाय, चार जावांची भांडी हुती की ओ.” आणि लगेच, माझ्याकडं वळून, फार काळजीनं: “मंजी ह्या सख्ख्या न्हाईत?”

माझी दोन वर्षं मातीत गेली होती आणि या माणसाला त्या दोघींच्या नात्याची पडली होती. मी तिथं काय काय बोलले ते आठवत नाही. वनस्पतिशास्त्रवाले बाहेर येऊन ऐकत उभे राहिले एवढं आठवतं.

प्रयोगशाळेला विनवून मी काम लवकर करून घ्यायचं ठरवलं, पण आता त्यांनी साफ सांगितलं: रक्त नको. एकच मासा, त्याचं काळीज, त्याचं मांस, आणि तेही या आठवड्यात. तरच मुदतीच्या आत निकाल मिळेल. सरांनी सुचवलं की एकीचंच रक्त महिन्या-महिन्याच्या अंतरानं, विसावा देत देत घ्यावं. मी कॅलेंडर त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी बोटानं आठवडे मोजले. मग खालच्या आवाजात म्हणाले, “मॅडम, तुमच्यात चालतंय. तुमी करा. मी भाईर थांबतो.”

इतकी वर्षं त्यांच्यावर चिडत आले होते, पण ते चिडणं घरातल्या माणसावर चिडतात तसलं. हे वेगळं होतं. हे लागलं.

“आमच्यात चालतं म्हणजे काय सर? आमच्यात सगळ्यांच्या हातात जन्मतः सुरी असते का? मी आजवर कोंबडीच्या मानेला हात लावलेला नाही. घरी मासा येतो तो भोयाकडून साफ होऊन येतो. आणि चूक तुमची आहे. माझी नाही.”

सरांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय ते एकदम म्हातारे दिसायचे.

“चुकलं माझं. तसं बोलायला नको हुतं,” ते म्हणाले. त्यांना कुणाची माफी मागताना मी तोवर बघितलं नव्हतं. “उद्या सकाळी बर्फ घिऊन या.”

दुसऱ्या दिवशी मी बर्फाचा डबा घेऊन पोचले तेव्हा विभागाचं दार आतून बंद होतं. शिपायाला त्यांनी घरी पाठवलं होतं. आतून लवंगेचा वास येत होता, नेहमीपेक्षा खूप जास्त. मी दाराबाहेर उभी. सोलापूरच्या गाडीची वेळ होत आलेली, तिथून पुढं नमुना शहरात जायचा होता, आणि आत नुसती शांतता. मी दार वाजवलं. परत वाजवलं.

“सर, बर्फ वितळतोय! गाडी जाईल!”

दार उघडलं. दोन्ही बाह्या ओल्या, हातात नळ्यांचा ट्रे. “एकीचंच हाय,” ते म्हणाले. “दुसरीला हात न्हाय लावला. नंबर आत्ता लावलाय, काढल्यावर.” मी ट्रे घेतला, नळ्या बर्फात खुपसल्या आणि पळत सुटले.

सांगून टाकते, कारण कुणाचा जीव टांगणीला ठेवायची मला हौस नाही: या वेळी तुकडे जुळले. आई एक निघाली. दोन जावांची भांडी दोन घरी गेली. एखाद-दुसरा वाटी-चमचा राहिला असेल, तो कुठल्या लग्नात राहत नाही? सरांचा तो आणखी एकदा दुप्पट झाल्याचा सिद्धांत अर्थातच कोसळला, आणि तो मोडून काढणारं प्रकरण त्यांनी मला स्वतः शेजारी बसून लिहायला लावलं. मुदत संपायच्या आत प्रबंध गेला. जागा मला मिळाली. आज मी त्याच विभागात, त्याच फळ्यावर, हॉर्न वाजला तरी न थांबता शिकवते. सर निवृत्त होऊन गावी गेले. कोणी विचारलं तर मी सांगते, माझ्या मार्गदर्शकांनी मला फार छळलं, आणि हे खरं आहे.

पण नमुना पाठवल्यानंतर दोनच दिवसांनी मला काकूंचा फोन आला होता. काकू मला कधी फोन करत नसत.

“पोरी, कॉलेजात काय झालंय का? तुझे सर परवापासनं जेवले न्हाईत, मग मलाबी घास जात न्हाय.”

“आजारी आहेत का?”

“आजारी न्हाईत. पूजेला बसंनात. गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याबिगर त्यांच्या तोंडात अन्न जात न्हाय, उभ्या जन्मात गेलं न्हाय. पाणी तेवढं पित्यात. इचारलं तर म्हनत्यात, थांब की जरा.”

मी गेले. रस्ताभर माझी चिडचिड चाललेली. एका माशापायी उपास! जगात रोज किती मासे मरतात, आमच्या घरी दर रविवारी मरतात. हे सगळं तोंडावर सांगायचं असं ठरवूनच मी त्यांच्या घरात पाऊल टाकलं.

सर बाजेवर बसले होते. कपाळ कोरं. विभूतीशिवाय त्यांचं कपाळ मी पहिल्यांदाच बघत होते.

“या मॅडम. बर्फ टिकला का तिथपर्यंत?”

“टिकला.”

“बरं झालं.”

“सर, तुम्ही जेवत का नाही?”

 मग त्यांनी डावा हात पुढं केला, तळवा वर करून, वर्गात एखादा नमुना दाखवावा तसा.

“लिंग ह्या तळहातावर घिऊन पूजेला बसायचं असतंय. डाव्याच. परवा तिला ह्याच हातावर धरली हुती. उजव्यात कात्री. गुंगी लई दिली हुती, तिला कायबी कळलं न्हाय, त्ये मला म्हाईत हाय. पर बसलो की हात वला वाटतो.”

“मग उजव्या हातावर घ्या,” मी म्हटलं. दुसरं काय सुचणार? एरवी डावाच हात का, यावर त्यांनी मला तासभर ऐकवलं असतं. त्या दिवशी नुसती मान हलवली.

“सर, माझ्यासाठी तुम्ही एवढं केलंत…”

“तुमच्यासाठी म्हनू नका. चूक माझी हुती, ती निस्तरली. पर एक इचारू? तुमी हुशार हाय, सांगा.” त्यांनी हात मिटला. “चूक केली तवा दोघी जगल्या. बरोबर केलं तवा एक मेली. ह्याचा अर्थ कसा लावायचा?”

 मी आता विभागात तिसऱ्या वर्षाला संशोधन पद्धती शिकवते, आणि हा प्रश्न अजून एकाही पेपरात घातलेला नाही. रस्ताभर ठरवलेलं सगळं बोलणं तसंच राहिलं. मला रडू आलं, आणि रडू आल्याचाही राग आला, कारण या माणसापुढं रडायचं मी इतकी वर्षं टाळलं होतं. मग जे तोंडाला आलं ते बोलले.

“काकूसुद्धा जेवल्या नाहीत परवापासून.”

सरांनी चटकन मान वर केली. हे त्यांच्या गावीही नव्हतं. स्वयंपाकघराच्या दाराकडं बघून त्यांनी कानडीत काहीतरी विचारलं. काकूंनी आतून एका शब्दात उत्तर दिलं. सर उठले, खुंटीवरचा टॉवेल घेतला आणि अंघोळीला गेले.

अंघोळ करून ते देवघराच्या खोलीत शिरले. दार लोटून घेतलं. काकूंनी भाकरी थापली, तव्यावर टाकली, भाजून दुरडीत ठेवली आणि गॅस बंद करून माझ्याशेजारी येऊन बसल्या. खोलीतून काही आवाज येत नव्हता. भाकरी गार झाली. आम्ही दोघींनी हाक मारली नाही.